जहाज सुटेल काय?

प्रवासाला निघण्यापूर्वीं माणसाच्या मनांत नाना शंका येतात. परंतु 'एकदां पैसे भरल्यावर गाडी सुटेल कीं नाहीं?' ही शंका सहसा कोणाला शिवत नाहीं. तिकीट हातीं पडलें म्हणजे प्रवास घडणारच, असें आपण गृहीत धरून चालतों. २०२० सालच्या मार्च महिन्यापासून पुढें एक वर्षाहून अधिक काळ मात्र जगांतील असंख्य कुटुंबांना नेमक्या याच शंकेनें ग्रासलें होतें. समुद्रावरील सुखसफरींसाठीं त्यांनीं आगाऊ रकमा भरल्या होत्या, आणि आपलें जहाज सुटेल कीं नाहीं, हें त्यांना कोणीहि छातीठोकपणें सांगूं शकत नव्हतें.

'हा धनिकांच्या चैनीचा प्रश्न. आपल्याला त्याचें काय?' असें एखादा वाचक म्हणेल. पण या सफरींना जाणारे सारेच कांहीं कुबेर नसतात. आयुष्यभर काटकसर करून निवृत्तीनंतर एकदां जग पाहूं म्हणणारीं वृद्ध जोडपीं त्यांत पुष्कळ असतात. शिवाय, दुसऱ्याच्या हातीं आगाऊ सोंपविलेला पैसा संकटकाळीं कोणाचा, हा यांतला खरा प्रश्न. आणि तो कोणत्याहि संसारी माणसाला परका नाहीं.

साथीच्या दिवसांत जहाजाचें एवढें भय कां वाटावें, हें आधीं पाहूं. मोठें प्रवासी जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारी चाळच होय. जेवणघर एक, जिने एक, करमणुकीचे दिवाणखाने एक. खालच्या मजल्यांवर खलाशी व नोकरचाकर एकेका खोलींत दाटीनें राहणारे. आणि उतारूंत वयोवृद्धांचा भरणा मोठा. २० जानेवारी २०२० रोजीं 'डायमंड प्रिन्सेस' हें जहाज जपानांतील योकोहामा बंदरांतून निघालें. त्यावरील एक उतारू हाँगकाँगला उतरून गेला व पुढें त्याला कोरोनाची बाधा झाल्याचें उघड झालें. फेब्रुवारीच्या आरंभीं जहाज योकोहामास परतलें, तेव्हां त्यावर ३,७११ माणसें होतीं. त्यांना जहाजावरच अडकवून ठेवण्यांत आलें, आणि अखेर सातशेंहून अधिक जणांना लागण झाल्याचें आढळलें. त्या जहाजावर १३८ भारतीय होते, व त्यांतील बहुतेक नोकरवर्गांतले होते.

त्याच महिन्यांत 'वेस्टरडॅम' नांवाचें दुसरें जहाज बंदरोबंदरीं हिंडत होतें. तैवान, जपान, फिलिपाईन्स, ग्वाम व थायलंड या पांचहि ठिकाणीं त्याला दार बंद झालें. शेवटीं १३ फेब्रुवारी रोजीं कंबोडियानें त्याला आश्रय दिला. बंदरांचा हा धाक कांहीं नवा नव्हे. व्हेनिसच्या लोकांनीं प्लेगच्या भयानें परक्या जहाजांना चाळीस दिवस दूर ठेवण्याची वहिवाट पाडली व त्या 'चाळिसा'वरूनच क्वारंटाईन हा शब्द जगभर रूढ झाला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला, तेव्हां मुंबईहून येणाऱ्या जहाजांचा धसका युरोपनें इतका घेतला कीं, १८९७ सालीं व्हेनिस येथें त्यासाठीं आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या वेळीं संशयित बंदर आपलें होतें, एवढाच काय तो फरक.

११ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें महामारी जाहीर केली. दोनच दिवसांनीं मोठ्या कंपन्यांनीं अमेरिकेंतील सफरी तीस दिवसांसाठीं थांबविल्या, आणि लगोलग १४ मार्चला अमेरिकेच्या रोगनियंत्रण खात्यानें मनाईहुकूम काढला. हा हुकूम एकदांच दीर्घ मुदतीचा निघता, तर लोक एकदांच हळहळून मोकळे झाले असते. पण तो एप्रिलांत वाढला, जुलैंत वाढला, सप्टेंबरांत पुन्हां वाढला. ऑक्टोबरअखेर तो उठला, तेव्हां त्याच्या जागीं अटींची लांबलचक यादी आली. इटलींतील जिनोआ बंदरांतून ऑगस्ट २०२० मध्येंच उतारूंची तपासणी करून एक मोठें जहाज निघालें होतें; अमेरिकेच्या बंदरांतून मात्र मोठ्या जहाजाला पैसे देणारे उतारू घेऊन निघण्यास २६ जून २०२१ उजाडावा लागला.

या अवधींत उतारूंपुढें जो पेंच पडला, तो मुळांतून समजून घेण्याजोगा आहे. सफर ठरवितांना विसार द्यावा लागतो आणि सुटण्याच्या सुमारें तीन महिने आधीं बाकीची रक्कम भरावी लागते. त्यानंतर उतारूनें स्वतः बेत रद्द केला, तर दिवस जवळ येतील तसतशी कपात वाढत जाते व शेवटीं हातीं कांहींच उरत नाहीं. उलट, कंपनीनें सफर रद्द केली, तर पैसे परत मिळतात. म्हणजे जहाज सुटणार नाहीं असें मनोमन ठाऊक असलेल्या माणसानेंहि पैसे वांचविण्यासाठीं आधीं उरलेले पैसे भरावे आणि मग कंपनी सफर कधीं रद्द करते याची वाट पाहत बसावें, असा हा उफराटा न्याय होता! प्रवासविम्याचा आधार घ्यावा, तर पुष्कळ विमापत्रांत साथीचे रोग वगळलेले होते. आणि 'भय वाटतें म्हणून जात नाहीं' हें कारण तर सर्वसाधारण विम्यांत बसतच नाहीं.

सफर रद्द झाली, तरी सर्वांना लगेच रोकड मिळाली असें नाहीं. रोख रकमेऐवजीं पुढील सफरीसाठीं सव्वापट रकमेची पत घ्या, असें आमिष कित्येक कंपन्यांनीं दाखविलें. शंभराला सव्वाशें, म्हणजे सौदा वरवर किफायतीचा. पण ही पत म्हणजे पेढीवरची हुंडीच. आणि हुंडीचें मोल पेढी उभी असेतोंवर. बड्या पेढ्यांचीहि दशा त्या वेळीं काय होती, हें एका उदाहरणावरून कळेल: 'कार्निव्हल' या सर्वांत मोठ्या कंपनीला एप्रिल २०२० मध्यें जहाजें तारण ठेवून साडेअकरा टक्के व्याजानें चार अब्ज डॉलर उभे करावे लागले. मुंबईहून २०१९ सालीं मोठ्या थाटानें सुरू झालेली 'जलेश' ही कंपनी ऑक्टोबर २०२० मध्यें बंद पडली व तिचें 'कर्णिका' जहाज मोडण्यासाठीं अलंगच्या किनाऱ्याला लागलें.

राजेशाही थाटासाठीं नांवाजलेल्या 'क्रिस्टल' कंपनीची कथा याहून उद्बोधक आहे. जानेवारी २०२२ मध्यें तिची मालक कंपनी बुडाली. 'क्रिस्टल सिंफनी' जहाज मायामीला परतत असतांनाच इंधनाच्या थकलेल्या पैशांबद्दल अमेरिकन न्यायालयानें त्याच्या जप्तीचा हुकूम काढला. जहाजानें मायामीकडे पाठ फिरवून बहामांतील बिमिनी गांठलें व उतारूंना दुसऱ्या बोटींतून फ्लोरिडास धाडण्यांत आलें. ज्यांनीं पुढील सफरींचे पैसे भरले होते, ते धनकोंच्या रांगेंत जाऊन बसले. त्याच वर्षीं अमेरिकेंत नवा नियम झाला कीं, सफर रद्द झाल्यास किंवा तीन दिवस वा अधिक लांबल्यास उतारूला पैसे परत मागतां यावे. अनुभवानें आलेलें हें शहाणपण, पण उशिरां आलेलें.

पैशांच्या या हिशेबांत खलाशांचा विसर पडूं नये. उतारू घरीं बसून तळमळत होते. या जहाजांवर राबणारे गोव्याचे व मुंबईचे कित्येक तरुण घरीं पोंचण्यासाठीं तळमळत होते. 'मॅरेला डिस्कव्हरी' जहाजावरील सुमारें दीडशें भारतीय कामगार किनाऱ्याच्या दृष्टिपथांत येऊनहि उतरूं शकत नव्हते. २३ एप्रिल २०२० रोजीं मुंबईंत त्यांचे पाय जमिनीला लागले. उतारूचा बुडाला तो पैसा. यांची बुडाली ती रोजी.

बरें, जहाज सुटलें म्हणजे चिंता मिटली, असेंहि नाहीं. २०२२ च्या नववर्षानिमित्त मुंबईहून गोव्यास गेलेल्या 'कॉर्डेलिया' जहाजावर दोन हजारांच्या आसपास माणसें होतीं. मुरगांव बंदरांत तपासणी झाली, ६६ जण बाधित निघाले आणि जहाज गोवा न दाखवितांच मुंबईस परतलें.

महामारी ओसरली आणि जहाजें पुन्हां भरभरून धांवूं लागलीं. तरी त्या सवा वर्षाचा धडा घरांतील कर्त्या मंडळींनीं गांठीं बांधून ठेवावा. विसार देण्यापूर्वीं भाडें किती, हें पाहण्याबरोबरच सफर मोडल्यास काय मिळणार, हें कलम आधीं वाचावें. विम्यांत साथीचा रोग बसतो कीं नाहीं, हें लेखी विचारून घ्यावें. सव्वापटीची पत आणि पदरची रोकड यांत निवड करण्याची वेळ आली, तर पेढीची ताकद पाहूनच मोह धरावा. आणि मुलीच्या लग्नासाठीं वा आजारपणासाठीं राखलेली पुंजी अशा बेतांत कधींहि गुंतवूं नये. वडिलांना जग दाखविण्याची हौस जरूर असावी. मात्र जहाज न सुटलें तरी घराचा गाडा अडणार नाहीं, एवढ्या बेतानेंच ती करावी.