विहिरीतला आंधळा शेजारी

विहिरीत बादली सोडताना खाली कोणी राहत असेल, असे आपल्या मनातही येत नाही. केरळात मात्र घरच्या विहिरीतून कधी कधी करंगळीपेक्षा लहान, लालसर मासा वर येतो. त्याचे नाव होराग्लॅनिस. कोट्टयमच्या विहिरीतल्या पहिल्या जातीची नोंद १९५० साली झाली. त्याला डोळे नाहीत. कातडीला रंग नाही, म्हणून आतले रक्त दिसते. जांभा दगडातल्या काळोख्या, पाणी भरलेल्या पोकळ्यांत तो मिशांनी चाचपत फिरतो. २०२३ साली नोंदलेल्या जातीला ‘पॉप्युली’, म्हणजे ‘लोकांची’, हे नाव मिळाले. कारण तिची माहिती गावकऱ्यांनीच दिली होती. जमिनीतले पाणी आपण उपसून संपवले, तर आपल्या घागरीबरोबर त्याचे घरही कोरडे पडेल.