नाव कागदावर, तर पत बँकेत

ढाका



बचत गटाच्या मेळाव्यात मोहम्मद युनूस आणि त्यांच्या ग्रामीण बँकेचे नाव निघाले नाही, असे आपल्या नगर जिल्ह्यात सहसा होत नाही. मात्र त्या गोष्टीचा पहिलाच भाग सांगितला जातो: गरीब बाई कर्ज फेडते. बांगलादेश त्याच्या पुढे काय शिकला, हे नगरला अधिक कामाचे आहे. म्हणून हे पत्र.

सुरुवात चितगावजवळच्या जोब्रा गावात झाली. 1974 च्या दुष्काळाने हादरलेले युनूस तिथल्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत होते. बांबूची स्टुले विणणारी एक बाई त्यांना भेटली. बांबूचे पैसे व्यापारी द्यायचा, पण माल त्यालाच, त्याच्याच भावाने घालायचा ही अट. दिवसभराच्या कामातून तिच्या हाती अर्धा टका उरे. 1976 मध्ये युनूस यांनी गावातल्या अशा लोकांची यादी केली. 42 जणांचे मिळून देणे निघाले 856 टका! ते त्यांनी खिशातून दिले. बँकेने तारण मागितले, तेव्हा ते स्वतः जामीन राहिले. 1983 मध्ये ग्रामीण ही कायद्याने स्वतंत्र बँक झाली, 2006 मध्ये युनूस आणि बँक या दोघांना मिळून शांततेचे नोबेल मिळाले.

पाथर्डी-शेवगावच्या वाचकांना जोब्राचा व्यापारी ओळखीचा वाटेल. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, याच जातीची आहे. मुकादम ती कोयत्यावर देतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पैसे येतात नवऱ्याच्या हातात, फिटतात मात्र दोघांच्या कष्टाने. बाईच्या श्रमावर कर्ज मिळते, पण ते तिला मिळत नाही.

ग्रामीणने कर्जच बाईच्या नावावर केले. पाच जणींचा गट, अशा काही गटांचे मिळून एक केंद्र, दर आठवड्याला बैठक आणि तिथेच हप्ता. बाईने बँकेत जायचे नाही, बँकेच्या माणसाने गावात यायचे. ग्रामीणच्या कर्जदार जवळजवळ सगळ्या स्त्रियाच आहेत. आपला बचत गट वेगळ्या वाटेने गेला. दहा ते वीस जणी आधी दरमहा बचत करतात, त्यातून एकमेकींना देतात आणि मग नेहमीची बँक गटाला कर्ज देते. नाबार्डने 1992 मध्ये 500 गटांपासून ही जोडणी सुरू केली. आपली पद्धत मला अधिक भक्कम वाटते, कारण तिच्या मुळाशी बायकांचा स्वतःचा पैसा आहे. इथे बांगलादेशात आठवड्याच्या हप्त्याचा जाच होतो, एका संस्थेचे फेडायला दुसरीचे कर्ज काढले जाते.

शिवाय 1990 च्या दशकातल्या अभ्यासांनी एक कडू सत्य पुढे आणले: कर्ज बायकोच्या नावावर असले तरी पुष्कळ घरांत ते वापरायचे कसे, हे नवराच ठरवत होता. हे आपल्या गटांतही घडते, आणि त्यावर आपण मोकळेपणी बोलत नाही.

इथेच ग्रामीणचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम येते. 1984 पासून बँक घरासाठी कर्ज देऊ लागली. सिमेंटचे चार खांब, पत्र्याचे छप्पर, संडास, एवढेच घर. अट एकच, आणि ती मोठी होती: घराखालची जमीन बाईच्या नावावर हवी. नवऱ्यांना जागा बायकोच्या नावे करून द्यावी लागली. काडीमोड झाला तरी तिला घराबाहेर काढता येणार नाही, याची ती तजवीज होती. 1989 मध्ये या घरांना वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. मला मात्र घरापेक्षा ती अट मोठी वाटते.

आता नगरकडे पाहू. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना, गावोगावच्या सोसायट्या, जिल्हा बँक: सहकार देशाला शिकवणारा हा जिल्हा. पण सोसायटीचे पीककर्ज सातबारा पाहून मिळते आणि सातबाऱ्यावर बहुधा पुरुषाचे नाव असते. म्हणून पेरणी, खुरपणी, धारा सगळे करणारी बाई बँकेच्या लेखी शेतकरी ठरत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे राखून पद्मश्री मिळवली. बाईचे ज्ञान केवढी संपत्ती असते, हे त्यांनी दाखवले. पण ज्ञान तारण म्हणून चालत नाही.

उपाय आपल्याच मातीत आहेत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1990 च्या सुमारास लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली आणि कित्येक शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. त्याच नावाच्या सरकारी योजनेत नवऱ्याने अर्ज केला की बायकोचे नाव सहधारक म्हणून लागते. साताऱ्यात, म्हसवडला, 1997 मध्ये चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. प्रवर्तक बायका निरक्षर म्हणून परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला होता. व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो, असे सांगत त्या पुन्हा गेल्या आणि परवाना घेऊन आल्या.

बचत गट हा मात्र पहिलाच टप्पा आहे. वीस-तीस हजारांत शेवया-पापडाचा धंदा सुरू होतो. गिरणी, शीतपेटी, गाडी घ्यायची तर लाखांत कर्ज लागते, आणि तिथे गट अपुरा पडतो. ही अडचण बांगलादेशालाही सुटलेली नाही. म्हणून दोन गोष्टी मागाव्याशा वाटतात. गटात वर्षानुवर्षे वेळेवर हप्ता भरल्याची नोंद बाईच्या वैयक्तिक कर्जासाठी पत म्हणून धरावी. आणि लक्ष्मीमुक्तीचे अर्ज तलाठ्याकडे नेण्याचे काम ग्रामसभांनी अंगावर घ्यावे. बाई कर्ज बुडवत नाही, हे ग्रामीणने केव्हाच दाखवून दिले. आता सिद्ध करून दाखवायची पाळी बँकांची आणि घरातल्या पुरुषांची आहे.