सरकारी नोकराचें मन कामांत कशानें रमतें ?

सरकारी नोकर म्हटला म्हणजे टेबलावर साचलेले कागद, रिकामी खुर्ची आणि 'उद्यां या' हें उत्तर, असें चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. या दुखण्यावरील उपायही ठरलेलेच असतात : पगार वाढवा, नाहीं तर तपासनीस नेमून धाक दाखवा. हे उपाय निरुपयोगी नव्हेत. परंतु तेवढ्यानें मन कामांत रमतें काय, या प्रश्नावर ब्राझील देशांतील एका उदाहरणानें चांगला प्रकाश पडतो.

ब्राझीलच्या ईशान्येस सेआरा नांवाचें दुष्काळानें वारंवार गांजणारें राज्य आहे. १९८७ सालीं दुष्काळी रोजगाराच्या निमित्तानें तेथील सरकारनें आरोग्यसेवकांची योजना सुरू केली. नेमलेल्यांपैकीं बहुतेक गांवच्याच स्त्रिया होत्या. वेतन किमान, नोकरी कायम नाहीं. वाट्यास आलेल्या प्रत्येक घरीं महिन्यांतून निदान एकदां जावयाचें आणि लस, स्तनपान, अतिसारावर मीठ-साखरेचें पाणी यांची माहिती द्यावयाची, हें त्यांचें काम. १९९२ पर्यंत सुमारें ७,३०० सेवक कामास लागले होते. आणि दर हजार जन्मांमागें १०२ असलेलें अर्भकमृत्यूंचें प्रमाण त्या काळांत ६५ वर आलें.

एवढ्याशा वेतनावर हीं माणसें इतक्या हौसेनें कां राबलीं ? अमेरिकन विदुषी ज्युडिथ टेंडलर यांनीं १९९७ सालच्या आपल्या ग्रंथांत याची मीमांसा केली आहे. पहिलें कारण निवडीचें. नेमणूक स्थानिक पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर न होतां राज्य सरकारनें मुलाखती घेऊन केली. ज्यांची निवड झाली नाहीं, त्यांसही सांगण्यांत आलें कीं, निवडलेले लोक नियमानें वागतात कीं नाहीं यावर तुम्हीं लक्ष ठेवा. त्यामुळें निवड हा बहुमान ठरला आणि देखरेख शेजाऱ्यांकडे आली.

दुसरें कारण मोकळीक. प्रारंभीं कित्येक आया सरकारी माणसास दार उघडीत नसत. तेव्हां सेविका मुलास न्हाऊं घाली, केस कापून देई, स्वयंपाकास हात लावी. हें तिच्या ठरीव कामांत नव्हतें. पण तिला कोणी अडविलें नाहीं. दार उघडलें, विश्वास जडला, आणि मग लशीची गोष्टही पटली. तिसरें कारण मान. सरकारनें रेडिओवरून या कामाची वाखाणणी केली. गांवांत सेविकेस प्रतिष्ठा लाभली.

तथापि मान हा वेतनाचा पर्याय नव्हे. सेआराच्या खेड्यांत दरमहा हातीं पडणारें किमान वेतनही दुर्मिळ होतें, हें विसरतां येत नाहीं. भारतांत २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून 'आशा' स्वयंसेविका अशाच घरोघर फिरत आल्या आहेत. आणि २०२१ सालीं, साथीच्या ऐन धामधुमींत, महाराष्ट्रांत त्यांस मोबदल्यासाठीं संप करावा लागला. सेवाभावाची स्तुति करावयाची आणि पोटाचा प्रश्न लांबणीवर टाकावयाचा, हा न्याय नव्हे.

पगारानें मनुष्य कामावर येतो. धाकानें तो खुर्चींत बसून राहतो. परंतु आपण गेलों नाहीं तर कोणीतरी दारांत वाट पाहत राहील, ही जाणीव ज्यास आहे, त्याचें मन कामांत रमविण्यास तपासनीस लागत नाहीं.