बाळंतविड्यातली नवी वस्तू

बाळंतविडा म्हटला की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे झबली, टोपडी, लंगोट, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी आणि पाळण्यावर टांगायचं चिमणाळं येतं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे ही जमवाजमव मुलीच्या आईकडे. गेल्या वर्षी लेकीच्या वेळी मी यादी केली आणि तिला फोनवर वाचून दाखवली. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "आई, एक राहिलं. कार सीट."

आमच्या पारशिवनीच्या बाजारात पाळणा मिळतो, झोळीचं कापड मिळतं, काळी तीट मिळते. ही वस्तू मात्र दुकानदाराने "ते नागपूरले पाहा जी" म्हणून टोलवली. घरातही प्रतिक्रिया फार वेगळी नव्हती. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "गाडीत सीट नाही का?" आणि पंच्याऐंशीच्या सासूबाई तर चिडल्याच. "एवढ्याशा जीवाले पट्ट्यानं बांधता का वं? मांडी कायले असते मंग?"

प्रश्न खरा होता. बाळाला आईच्या, आजीच्या मांडीहून सुरक्षित जागा नाही, हे आपण इतक्या पिढ्या मानत आलो की त्याची शंका घेणंसुद्धा अपराध वाटतो. पण ही मांडी जमिनीवर मांडलेली असते, तेव्हाची ती गोष्ट आहे. धावत्या गाडीत मांडीच स्वतः ताशी पन्नास किलोमीटरने धावत असते.

मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून वहीच काढली. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. समोरच्या ट्रकवर आदळून गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. तीन किलोचं बाळ त्या क्षणापुरतं साठ किलोचं होतं. आणि तो क्षण सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही लहान. सासूबाईंना मी सेकंद आणि मीटर सांगितले नाहीत. धानाचं पोतं अचानक हातातून पुढे फेकलं गेलं तर धरवेल का, एवढंच विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण विरोध तिथून मऊ झाला.

धोका काल्पनिक नव्हता. नागपूरच्या दवाखान्यातून पारशिवनीला यायचं म्हणजे कामठी, कन्हानचा पूल, मग जबलपूरकडे जाणाऱ्या महामार्गाने आमडी फाटा आणि तिथून आत. या रस्त्याला कोळशाचे आणि वाळूचे ट्रक आहेत, उलट्या बाजूने येणाऱ्या मोटारसायकली आहेत, आणि फाट्याच्या आत अंधारात आडवं येणारं रानडुक्करही आहे. माणूस मागच्या सीटवर बसला की निर्धास्त होतो, हा आणखी एक समज. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात अहमदाबाद-मुंबई महामार्गावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी महागडी होती, ते मागे बसले होते, आणि मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्या अपघातानंतर काही दिवस सगळे मागचा पट्टा शोधू लागले. आमच्या ओळखीच्या एका गाडीत तो सीटच्या कव्हरखाली शिवून टाकलेला निघाला!

कायद्याचं म्हणाल, तर तोही आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १९४-ब आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावता गाडी चालवली, तर चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड. पण ह्या कलमाखाली कुणाची पावती फाटलेली मी तरी पाहिलेली नाही. बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आलेल्या आज्यांना मात्र ही वस्तू चांगली ठाऊक असते. तिथे टेनेसी राज्याने १९७८ पासून असा कायदा लागू केला आणि १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांनी तो केला. सीट गाडीत बसवलेली नसेल तर बाळाला घरी कसं नेणार, हा प्रश्न तिथल्या दवाखान्यात निघताना विचारतातच.

नवजात बाळाची सीट उलटी का असते, हे बहुतेकांना विचित्र वाटतं. बाळाचं तोंड मागच्या काचेकडे, पाठ ड्रायव्हरकडे. ह्याचा उगम स्वीडनमध्ये आहे. बर्टिल आल्डमन नावाच्या डॉक्टरांनी जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर आडवे असतात हे पाहिलं. जोर सगळ्या पाठीवर वाटला गेला की शरीर तो सोसतं. १९६४ साली व्होल्वोच्या गाडीत उलट्या बालआसनाचा पहिला नमुना तपासला गेला. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथा हिस्सा असतं आणि मानेचे मणके पुरते हाडाचे झालेले नसतात. सरळ बसवलेल्या बाळाचं डोकं धक्क्याने पुढे झेपावलं, तर सगळा भार त्या कोवळ्या मानेवर येतो. उलटं बसवलं की डोकं, मान, पाठ एकदमच सीटमध्ये रुततात. आपण बाळाला उचलताना मानेखाली हात घालतो, तेच काम सीट करते.

आठव्या महिन्यात जावई, लेक आणि मी नागपूरला गेलो, ते गाडी घेऊनच. हे महत्त्वाचं. घरबसल्या चित्र पाहून सीट मागवता येते, पण ती आपल्या गाडीत बसेल की नाही ते चित्रात दिसत नाही. एका दुकानात विक्रेत्याने "जन्मापासून बारा वर्षांपर्यंत एकच" अशी सीट पुढे केली. आपल्या काटकसरी मनाला हा सौदा फार गोड वाटतो. अशा काही सीटमध्ये नवजात बाळ नीट मावतंही. आम्ही पाहिलेल्या सीटचे खांद्याचे पट्टे मात्र सगळ्यांत खालच्या खाचेतही इतके वर होते, की ते आमच्या बाळाच्या कानाशी आले असते. उलट्या सीटमध्ये पट्टा खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून निघायला हवा.

शेवटी १३ किलोपर्यंतची, मूठ असलेली, टोपलीसारखी उचलून नेता येणारी सीट घेतली. मागे शिक्का पाहिला. गोलात इंग्रजी ई आणि बाजूला आकडा, म्हणजे युरोपच्या नियमांत उतरलेली. जुना नियम आर ४४, नवा आर १२९. नव्यात बाळाला पंधरा महिन्यांपर्यंत उलटंच बसवायचं बंधन आहे. आपल्याकडचं मानक एआयएस ०७२, तेही जुन्या युरोपीय नियमावर बेतलेलं. ह्यातला एकही शिक्का नसेल, तर गादी कितीही गुबगुबीत असली तरी ती नुसती खुर्ची.

मग दुकानाबाहेर उन्हात अर्धा तास खटपट. गाडीला आयसोफिक्सच्या कड्या असतील तर सीटचा पाया त्यात खटकन बसतो. आमची गाडी जुनी, म्हणून पट्ट्यानेच बांधायची होती. पहिल्या सीटला गाडीचा पट्टा पुरेना, दुसरीला पुरला. बांधून झाल्यावर पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवायची. बोटभराहून जास्त सरकली तर पुन्हा बांधायची. जावयांनी ती चार वेळा बांधली. पुढच्या सीटवर ती लावायचीच नाही, कारण समोरची एअरबॅग उघडली तर ती उलट्या सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच, आदळते.

बाळ जानेवारीत झालं. नात. त्या आठवड्यात गारठा होता आणि सासूबाईंनी तिला दुपट्यात अशी घट्ट गुंडाळली होती की नाकच काय ते बाहेर. पण गुंडाळलेल्या बाळाला सीटचे पट्टे लागतच नाहीत. एक पट्टा दोन पायांमधून येतो. जाड स्वेटर घातला तर पट्टा घट्ट वाटतो आणि धक्क्याला स्वेटर दबून ढिला पडतो. तेव्हा साधं झबलं, पट्टे असे आवळलेले की चिमटीत पट्ट्याची घडी येऊ नये, आणि दुपटं त्यावरून पांघरायचं. हनुवटी छातीवर टेकत नाही ना, हे मी वाटभर पाहत होते. तसं झालं तर एवढ्या लहान बाळाचा श्वास अडू शकतो. म्हणूनच सीट साधारण पंचेचाळीस अंशांत कललेली हवी, आणि घरी पोचल्यावर झोपलेल्या बाळाला तिच्यातच राहू द्यायचं नाही. बाळ कमी दिवसांचं असेल तर डॉक्टरांना विचारूनच बसवावं.

एप्रिलमध्ये ती सासरी, संभाजीनगरला निघाली. आता समृद्धी महामार्ग आहे आणि त्यावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा. पन्नासच्या मानाने वेग अडीचपटीहून थोडा कमी, पण धडकेतली ताकद जवळजवळ सहापट. मी जावयांना "शंभरच्या वर नको" म्हटलं आणि दर दीड तासाला थांबून बाळाला बाहेर काढून पाजायचं ठरवून घेतलं. उन्हाळ्यात आणखी एक काळजी. नागपूरच्या उन्हात उभ्या गाडीतलं बकल तव्यासारखं तापतं. सीटवर पांढरा पंचा टाकून ठेवायचा, आणि बसवण्याआधी बकलला आपला हात लावून बघायचा.

हे सगळं गाडीवाल्यांचं झालं, याची मला जाणीव आहे. आमच्या तालुक्यातली कितीतरी बाळं ऑटोने येतात, कितीतरी मोटारसायकलवर दोघांच्या मधे दाबून येतात. मोटारसायकलवरच्या मुलांसाठी २०२२ साली पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० चा नियम झाला, पण त्यातली हेल्मेटची अट नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. नवजात बाळ त्या अटीत बसत नाही. सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरी सोडायला मोफत गाडी मिळते. २०११ पासूनची योजना आहे. ती गाडी मागायला संकोच करू नये. मोटारसायकलपेक्षा ती केव्हाही बरी.

नात आता सव्वा वर्षाची झाली, मोठ्या सीटमध्ये गेली. लहान सीट लेकीने परत पाठवली, तेव्हा शेजारच्या घरून विचारणा झाली. त्यांच्या सुनेला सातवा महिना. अनोळखी माणसाकडून जुनी सीट घेऊ नये, कारण तिने एखादी धडक सोसलेली असेल तर बाहेरून कळत नाही. हिचा सगळा इतिहास आम्हाला ठाऊक होता, मुदतही बरीच बाकी होती. मी कापड धुऊन वाळवून दिलं. त्यांच्या मुलाला गाडी अंगणात आणायला सांगितली, कारण त्यांची गाडी वेगळी आणि पट्टा पुरतो की नाही ते बसवूनच कळणार होतं. पट्टा कुठून कसा ओवायचा ते दाखवायला सासूबाई खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसल्या होत्या.