एका चौरस सेंटिमीटरवर दीड लाखावर थेंब

जस्ताचा ६० मायक्रॉन व्यासाचा वितळलेला थेंब पोलादावर आदळून ८ मायक्रॉन जाडीची चकती झाला, तर तिचा व्यास सुमारे १३४ मायक्रॉन भरतो. भिंतीवर थापलेली गोवरीच जणू, फक्त केसाच्या दुप्पट रुंदीची. थर २०० मायक्रॉनचा आणि त्यात १० टक्के पोकळी धरली, तर चौरस सेंटिमीटरला असे १ लाख ६० हजार थेंब लागतात.

मेटलायझिंगचा, म्हणजे वितळलेला धातू फवारून चढवलेला थर अखंड पत्रा नसतो, तो अशा चकत्यांचा असतो. त्यातल्या आर्क स्प्रे पद्धतीत दोन तारांची टोकं विजेच्या ज्योतीत वितळतात आणि दाबाची हवा ते थेंब सेकंदाला १०० मीटरच्या आसपास वेगाने फेकते. बंदूक १५ सेंटिमीटरवर असेल, तर प्रवास दीड मिलिसेकंदाचा. तेवढ्यातही थेंबावर ऑक्साइडची साय धरते. आदळल्यावर तो सेकंदाला १० लाख अंशांच्या घरातल्या दराने थंड होतो. शेजारच्या चकतीशी एकजीव व्हायला सवडच मिळत नाही.

नमुना कापून २०० पट मोठा करून पाहा. फिकट, लाटांसारखे पट्टे दिसतात, त्यांच्यामधून जाणाऱ्या करड्या रेषा ऑक्साइडच्या, काळे ठिपके पोकळीचे. हे ठिपके मोजून टक्केवारी काढतात. पण पॉलिश करताना मऊ जस्त पसरून छिद्रं बुजतात, नाहीतर सैल चकती उखडून नवं छिद्र पडतं. नमुना कसा तयार केला हे न सांगता दिलेली टक्केवारी मी तरी ग्राह्य धरत नाही.

शिवाय छिद्रं म्हणजे अपयश नव्हे. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या १९७४च्या अहवालानुसार ८० ते १५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनियम थरांनी, छिद्रं भरणारा सीलर नसतानाही, समुद्राच्या पाण्यात १९ वर्षं पोलाद राखलं. गंजताना तयार होणारी संयुगं छिद्रांत साचतात आणि वाट बंद करतात.

खरी दुबळी जागा तळाशी आहे. गरम जस्ताच्या कढईत बुडवलेल्या पोलादावर लोह-जस्ताचा मिश्रधातू तयार होतो. इथे तसं काही नाही. पकड असते ती प्रामुख्याने खरखरीतपणाची. म्हणून ग्रिट ब्लास्टिंगने, म्हणजे टोकदार कणांच्या माऱ्याने, ५० ते १०० मायक्रॉनची खोली हवी, आणि पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर हवं. पावसाळी कोकणात ही दुसरी अट सहज मोडते. जाडी मोजणाऱ्या मीटरला यातलं काहीच दिसत नाही. तेव्हा साइटवरच्या इंजिनिअरांनो, फक्त मायक्रॉन पाहून बिलावर सही करू नका. ब्लास्टिंग झाल्यावर, कोट चढण्याआधी, उघडं पोलाद स्वतः जाऊन पाहा.