जाड अक्षर आणि झिजलेले अक्षर

नारायणगाव हे जुन्नर तालुक्यातले मोठे बाजाराचे गाव. तमाशाच्या सम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर याच गावच्या. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची मंडळी यात्रेसाठी फड ठरवायला, म्हणजे सुपारी द्यायला, येथे येतात. राहुटीपुढे फडाच्या नावाचा फलक असतो. त्यावरची अक्षरे कशी असतात? चांगली दंडाएवढी जाड, आणि कोपऱ्यांना गोल. रस्त्याच्या पलीकडून नाव वाचता येते.

अक्षर इतके जाड कशाला? पुस्तक आपण हातात धरून वाचतो. मुंबईला जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्याची सुबक, रेखीव अक्षरे नावाजली गेली. पण ती हातभर अंतरावरून वाचायची. फलक वाचायचा पन्नास पावलांवरून. तेवढ्या अंतरावरून बारीक रेघ दिसेनाशी होते, जाड रेघ टिकते.

आणि गोल कशाला? याचे उत्तर हत्यारात आहे. पेंटरचा कुंचला वळतो तेव्हा रेघही वळते. छापखान्यात पुस्तकाचे खिळे शिशाचे असत. पण वीतभर अक्षर शिशाचे केले तर ते जड आणि महाग पडणार. म्हणून जाहिरातीची मोठी अक्षरे लाकडात कोरीत. ती उलटी कोरावी लागत, तेव्हा कागदावर सुलटी उमटत. लाकडाला टोकदार कोपरा ठेवला, तर पहिला टवका तिथेच उडतो. गोल कोपरा मार खातो पण टिकतो. बैलगाडीच्या दांडीचे टोकही आपण गोलच करतो की!

तरी लाकूड झिजायचेच. हजारो कागद छापले की कुठे खड्डा पडे, कुठे चीर जाई. खड्ड्याला शाई लागत नसे. मग काळ्या अक्षरात पांढरे ठिपके आणि ओरखडे दिसत. पोपडे गेलेल्या भिंतीसारखे ते अक्षर दिसे.

आता गंमत पाहा. आज अक्षरे संगणकावर काढतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मोदक’ नावाचे एक वळण काढले आहे. नावासारखेच ते गुबगुबीत! अक्षराच्या पोटात जागा म्हणून जेमतेम एक रेघ उरते. संगणकातले अक्षर कधी झिजत नाही. तरी लोक मुद्दाम त्यावर ओरखडे घालतात. का, तर जुन्या जाहिरातीची आठवण यावी. शोभेपुरते हे ठीक आहे.

पण वाचणाऱ्याने सावध राहावे. जाड अक्षराचे पोट शाईने बुजते, आणि झिजलेल्या अक्षराची बारीक खूण आधी जाते. आपल्याच भागातली नावे घ्या. ‘आंबेगाव’ मधल्या ब च्या पोटातली तिरपी रेघ गेली, की होते ‘आंवेगाव’. ‘घोडेगाव’ मधल्या घ ची डावीकडची शिरोरेघ तुटली, की वाटते ‘धोडेगाव’. ‘मंचर’ वरचा टिंब उडाला, तर राहते ‘मचर’.

तरी एस.टी.च्या पाटीवर असे नाव दिसले, तर आपण अडत नाही. आंवेगाव नावाचे गाव इकडे नाही, हे आपल्याला ठाऊक असते. सुटे अक्षर न वाचता आपण सबंध शब्द वाचतो. शेजारची अक्षरे पडलेल्या अक्षराला हात देतात. नवीन वाचणाऱ्यालाही थोड्या सरावाने हे साधते.

आकड्याचे मात्र तसे नाही. त्याला शेजाऱ्याचा आधार नसतो. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन काळातला मोठा लेख कोरलेला आहे. तो दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. राजघराण्याने यज्ञात किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली, याचे आकडे त्यात आहेत. दगड जागोजाग झिजला आहे. शब्द अर्धा गेला, तर पंडित पुढचे-मागचे पाहून तो जुळवतात. आकडाच गेला, तर जागा कोरी सोडतात.

आपल्या घरातही असा लेख असतो. द्राक्षे आणि टोमॅटो करणाऱ्यांच्या खोपीत फवारणीच्या औषधाचा डबा असतोच. ओल्या हातांनी त्याची चिठ्ठी झिजते. १ आणि ९ हे आकडे किती सारखे! एक गाठ पुसली, की नवाचा एक होईल आणि एकाचा नऊ वाटेल. तिथे अंदाज करू नये. पाण्यात औषध किती घालायचे, ते अंदाजाने ठरत नाही.

डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. रंग झिजलेल्या चिठ्ठीवरही बहुधा ओळखू येतो. आकडा पुसला असेल, तर डब्याबरोबर मिळालेले घडीचे पत्रक उघडावे. तोच आकडा त्यात पुन्हा छापलेला असतो. पत्रक हरवले असेल, तर डबा घेऊन दुकानदाराकडे जावे आणि दुसऱ्या, नव्या डब्यावर तो वाचून घ्यावा.