पावसाळी पदभ्रमण : पोशाख व साहित्य यांची निवड

मुंबई-गोवा महामार्गावरील हातखंब्याहून कोल्हापूरकडे रस्ता जातो. पाली, नाणीज, साखरपा ही गावे मागे टाकीत तो आंबा घाट चढून देशावर जातो. जुलै १६६० मध्ये शिवछत्रपती पन्हाळगडाहून विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंडीत शत्रूला रोखून धरले. त्या वाटेवर आता दरवर्षी ऐन पावसाळ्यात पदभ्रमण मोहिमा निघतात. हातखंबा परिसरातील शाळा-महाविद्यालयांच्या पथकांना त्यांत सामील होण्यासाठी हा घाटरस्ताच सोयीचा पडतो.

कोकणातील मुलाला पावसाचे अप्रूप नसते, आणि नेमका येथेच त्याचा अंदाज चुकतो. किनारपट्टीवरचा पाऊस उबदार असतो. दिवसभर भिजले तरी सहसा काही बिघडत नाही. उंचीगणिक मात्र तापमान उतरत जाते, दर हजार मीटरला सुमारे सहा अंशांनी. म्हसाई पठारासारख्या उघड्या जागी त्यात वाऱ्याची भर पडते. हवेपेक्षा पाणी अंगातील उष्णता सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते. चालत असेपर्यंत हे जाणवत नाही; पथक विसाव्यास थांबले की हुडहुडी भरते. मुलगा अडखळत बोलू लागला, त्याची पावले लटपटू लागली, तर तो केवळ दमलेला नसून गारठलेला आहे, हे शिक्षकांनी ओळखणे अगत्याचे आहे.

म्हणून कापड निवडताना ते भिजते की नाही यापेक्षा किती लवकर सुकते, हे पाहावे. जाड सुती कापड व विशेषतः जीनची विजार पाणी धरून ठेवते, जड होते आणि मांड्या सोलवटते. त्याऐवजी खेळाडू वापरतात तसा कृत्रिम धाग्याचा पातळ सदरा व विजार बरी. लोकर ओली झाली तरी काही प्रमाणात ऊब राखते. धनगरांच्या घोंगडीमागे हाच अनुभव आहे. आपल्या शेतकऱ्याचे इरले हीही मोठी कल्पक वस्तू. परंतु ते वाकून लावणी करणाऱ्याच्या पाठीसाठी घडलेले आहे, वाऱ्यात ताठ चालणाऱ्याच्या कामाचे नाही. छत्रीचेही तेच. टोपी असलेला हलका रेनकोट घ्यावा.

पादत्राणांबाबत काटकसर करू नये. शेवाळलेल्या कातळावर गुळगुळीत तळव्याचा बूट धोक्याचा. रबरी तळव्याला खोल खाचा हव्यात. कोरा करकरीत बूट मोहिमेच्या दिवशी प्रथम घातला, तर दुपारपर्यंत टाचेला फोड आलाच म्हणून समजावे. लांब मोज्यांमुळे जळवांपासून काहीसे रक्षण होते. चिखलपाण्यातून अनवाणी जाणे टाळावे, पायावरची जखम झाकून घ्यावी. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच वाटेने शरीरात शिरतात.

पाठपिशवीच्या आत प्लॅस्टिकची मोठी पिशवी आणि तीत कपड्यांचा एक कोरडा जोड असावा. हा जोड मुक्कामी पोहोचेपर्यंत काढू नये, कितीही मोह झाला तरी! दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओलेच कपडे चढवणे जिवावर येते. पण रात्रीची कोरडी झोप त्यावरच अवलंबून असते. कपाळावर बांधावयाची विजेरी हात मोकळे ठेवते. दाट धुक्यात हाकेपेक्षा शिट्टी दूर पोहोचते.

धावणे, सायकल व होडी यांचा मेळ असलेल्या साहसी शर्यती परदेशात रूढ आहेत. न्यूझीलंडमधील ‘कोस्ट टू कोस्ट’ ही १९८३ साली सुरू झाली. अशा शर्यतींत आवश्यक साहित्य जवळ असल्याखेरीज स्पर्धकाला उतरू देत नाहीत. शालेय सहलींत हा नियम क्वचितच दिसतो, वास्तविक तेथेच तो अधिक हवा. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात आयोजकांच्या नोंदणीवर व सुरक्षिततेवर भर आहे. आयोजक नोंदणीकृत आहे ना, हे मुख्याध्यापकांनी पाहावेच. परंतु पिशव्यांची तपासणी शाळेच्या पटांगणात, निघण्याच्या आदल्या दिवशी करावी. ज्या मुलाकडे रेनकोट वा धड बूट नसेल, त्याची सोय करावयास तेव्हा एक दिवस हाती असतो.